बत्तीसपैकी बत्तीस

मी एक जुना पॅड आहे. परीक्षेला जाताना तुम्ही काखेत मारता तसाच, पुठ्ठ्याचा. चिमटा गंजलाय आणि मी फार थकलोय. कागद हलके असतात मित्रांनो, पण त्यांवरची उत्तरं वाहून जीव दमतो.

त्र्याण्णव साली मालनताईंनी मला कल्याणच्या बाजारातून आणलं. त्या ठाण्याच्या एका रुग्णालयात समाजसेविका होत्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरी जो करतो, त्याला त्या आठ प्रश्न विचारत. भरवायला, उचलायला, अडीअडचणीला तुमची कितपत तयारी आहे? प्रत्येकाला शून्य ते चार गुण. ज्याचे गुण कमी, त्याला शुश्रूषेच्या वर्गात आधी जागा. जागा दहाच.

पण खरं सांगतो कोण? खोली एकच, त्यात रुग्ण पडलेला आणि शेजारी नणंद कान देऊन उभी. घरोघरी मातीच्या चुली. बहुतेक सगळ्यांना पैकीच्या पैकी.

चेंदणी कोळीवाड्यातल्या शेवंतीबाईंनाही बत्तीसपैकी बत्तीस मिळाले. त्यांचे यजमान दामाजी खाटेवरून ऐकत होते. अर्धांगाने त्यांची उजवी बाजू गेली होती. वर्गाच्या यादीत शेवंतीबाईंचं नाव लागलं नाही.

महिन्याभराने यजमानांना खाटेवरून उतरवताना दोघंही पडली. दामाजींच्या कपाळाला टाके पडले. मालनताई मला घेऊन पुन्हा गेल्या. तेच प्रश्न, आणि पुन्हा "चार लिवा." मला त्या बाईचा रागच आला.

तेव्हा दामाजी वाकड्या तोंडाने कसेबसे बोलले, "तिला... भायेर नेऊन इचार."

बाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते. शेवंतीबाई तिथेच खाली बसल्या.

"मना काय येत नाय, ताई. यांना कुशीवर वळवायचं म्हटलं का कुठं धरायचं तेच कलत नाय. पन त्यांच्याम्होरं कसं सांगू? आपला भार झाला, असंच वाटंल त्यांना."

आठही प्रश्न झाले. बत्तीसपैकी तीन.

"नापास झाले ना मी?"

"नाही. वर्गात पहिली जागा तुमची," मालनताई म्हणाल्या.

वर्गानंतर त्यांचे गुण चौदा झाले. ते खरे होते, म्हणून मला फार आवडले.

मित्रांनो, तुमच्या घरीही आजारी माणसाचं करणारं कोणी असेल. त्यांना जरा बाजूला न्या आणि विचारा. "सगळं ठीक आहे," असं म्हणाले, तरी लगेच उठू नका.

शेवंतीबाईंच्या आधी माझ्यावरून असे शेकडो बत्तीस गेले. त्यांना बाहेर नेऊन कोणी विचारलंच नाही.