कोरड्या रानातली होडी

केझाया ट्रिंबलच्या घेवड्याच्या शेतात भर दुपारी एक होडी शिरली. कॅलिफोर्नियाच्या त्या माळावर सहा महिन्यांत पावसाचा टिपूस नव्हता. होडी खेचरगाडीवर चढवलेली, आणि आत लगाम धरून लायसँडर को थाटात बसलेला. बाजूने घोड्यावर जमीन कचेरीचा कारकून फायलो.

"अहो, हे काय चालवलंय?" केझाया दारातून ओरडली.

"कायदा आहे, बाई," फायलो म्हणाला. "जी जमीन होडीतून ओलांडता येते ती दलदल. दलदल मागेल त्याला मिळते. कोसाहेबांनी मागितलीय."

"आणि खालची चाकं दिसत नाहीत?"

"कायदा होडीचं विचारतो, चाकांचं नाही. पाय मात्र जमिनीला लागता कामा नये. लागला की अर्ज बाद."

केझाया तरातरा शेताच्या बांधापर्यंत आली. बारा वर्षं कसलेली जमीन, कागद अजून हातात नाही, आणि हा मेला बसल्या बसल्या घेऊन जाणार!

तेवढ्यात कडाड! जमिनीत बिळं पाडणाऱ्या ज्या खारींना ती उठताबसता शिव्या घालायची, त्यांच्या बिळात चाक गेलं. गाडीचा आस मोडला, खेचरं जोत तोडून उधळली. होडी शेताच्या मधोमध कलंडून बसली.

को काही उतरेना. फायलो घराच्या सावलीत केझायाचं ताक पीत बसला, नजर कोच्या पायांवर. दोन तासांत कोचं तोंड टोमॅटोसारखं लाल झालं.

"बाई, घोटभर पाणी द्या हो!"

"पाणी? दलदलीत बसलाय की! वाका नि प्या."

फायलोला ठसका लागला.

"अहो, माणुसकी आहे की नाही?" को होडीतून ओरडला.

केझायाने विहिरीतून बादली शेंदली आणि होडीपासून दहा पावलांवर ठेवली.

"या दलदलीचं पाणी साठ हात खाली आहे. ते काढायला माझा नवरा उतरला, तो वर आलाच नाही. तुम्हाला दहाच पावलं चालायचंय."

कोने बादलीकडे पाहिलं, फायलोच्या पेन्सिलीकडे पाहिलं, आणि धप्पकन उडी मारली. धुळीचा लोट उठला. फायलोने लिहिलं, 'दलदल नाही. अर्जदार घोट्यापर्यंत धुळीत.'

को बादलीत तोंड घालून प्याला.

"पाणी गोड आहे हो तुमचं," तो धापा टाकत म्हणाला.

"हो," केझाया म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "फार महाग पडलंय."