ताठ शेपटीचा माशीमार

टेकडीवरचं रान तोडायचं की राखायचं, हे आता एका पाखरावर येऊन ठेपलं होतं. पाखरू म्हणजे रानातला माशीमार, मूठभरसुद्धा नाही. पाठ हिरवी, पोट पिवळट. दुसऱ्या जातीच्या माशीमाराचीही पाठ तशीच, पोटही तसंच. पण तो उसाच्या बांधावर, परसातल्या पेरूवर, कुठंही राहतो. त्याची शेपटी पडलेली, आवाज लांबलचक किरकिरता. रानातला मात्र शेपटी ताठ करतो, दोनदा टोचल्यासारखं बोलतो आणि गप्प होतो. तो दुर्मिळ; तपासणीत तो दिसला तरच करवत थांबणार होती.

खालच्या वस्तीचं पाणी त्या रानातल्या झऱ्याचं. वस्तीतल्या वाल्देलिसीनं गेल्या वर्षी त्या पाखराचा आवाज फोनमध्ये धरून ठेवला होता. तपासणीचा दिवस ठरला तशी तिनं संत रीताची नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, धरली. पहाटे मेणबत्ती, जपमाळ, मग उपाशीपोटीच रानात जाऊन तो आवाज लावायचा. पाखरू तीरासारखं यायचं, शेपटी ताठ, रागानं थरथरत. "आहेस रे बाबा, आहेस," म्हणत ती छातीवर क्रूसाची खूण करायची.

पुढंपुढं ते उशिरा यायला लागलं, लांबच्या फांदीवर बसायला लागलं. एका पहाटे नुसतंच बोललं, दिसलं नाही. तिनं फोनचा आवाज वाढवला.

साखर कारखान्यातला दीर झुझा हसला, "वहिनी, संतांनाही फोनवरूनच बोलावतेस का गं?"

"गप रे. तुझी कॉफीही त्याच पाण्याची."

तपासणीला पाखरांच्या अभ्यासक डॉक्टर इव्हानिल्दे आल्या. वाल्देलिसीनं आवाज लावला. फांदीवर पिवळं पोट हललं. पण शेपटी पडलेली होती. लांबलचक किरकिर झाली. सकाळ सरली, दुसरं कुणी आलं नाही.

"हा बांधावरचा," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

"बाई, तो आहे हो! मी रोज आवाज लावून बघत होते."

"रोज?"

"नोव्हेना धरली होती ना."

"दोना वाल्देलिसी, फोनमधला आवाज ऐकून त्याला वाटलं, कुणी दांडगा नर इथं ठाण मांडून बसलाय. भांडून भांडून थकला असेल. जागा सोडून गेला."

"मग होता म्हणून लिहा की! फोनमध्ये आहे."

"ते गेल्या वर्षीचं. मला आजचंच लिहावं लागतं."

करवती सुरू झाल्या त्या पहाटेही तिनं मेणबत्ती लावली. नळाला गढूळ पाणी येत होतं. परसातल्या पेरूवर काहीतरी पिवळं हललं, किरकिरलं. आवाज ओळखीचा, बांधावरच्याचाच होता. तरीही तिनं आधी शेपटीकडे पाहिलं.