बाळूच्या छातीची पट्टी

सुजितला पहिल्यांदा अंधारी आली ती कासारवाडी स्टेशनच्या बाकावर. हातातला चहाचा कप कधी सुटला ते कळलंच नाही. आई म्हणाली, "उनाची चक्कर हाय, लिंबू-सरबत पी." आपल्याकडे माणूस कोसळेपर्यंत सगळं उन्हावरच ढकलतात, नाही का? दुसऱ्यांदा तो न्हाणीघरात पडला, तेव्हा बायको सायलीनं त्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी पाहिली आणि कागदावर हृदय काढलं. "हृदयाची स्वतःची वीज असते. वर उजव्या कप्प्यात ही छोटी गाठ, ठोका इथून सुटतो. मधल्या गाठीत तो क्षणभर थांबतो, तेवढ्यात वरचं रक्त खाली उतरतं. मग डाव्या-उजव्या फांद्यांतून वीज खालच्या कप्प्यांत जाते आणि ते आवळतात. तुमची वीज मध्येच अडते. ती अडली की मेंदूला रक्त नाही, तुम्ही आडवे."

"मग आता? मी क्रेन चालवतो."

"पेसमेकर बसवायचा. तोवर दुचाकी नाही, क्रेन तर नाहीच! एखाद्या दिवशी तुम्ही उठणार नाही. आणि क्रेनखाली जो उभा असेल, त्याचं काय?"

सुजित चाकणच्या एका कारखान्यात क्रेन चालवायचा. कंत्राटी माणूस. आता कुठं कायम करणार होते, पण आधी तपासणी. "कळलं तर गेटवरूनच परत पाठवतील गं," तो म्हणाला. सायली रडली, भांडली; त्यानं ऐकलं नाही.

त्यानं बाळूला गाठलं. बाळू क्रेनला साखळ्या अडकवायचा, जिवाभावाचा दोस्त. "तेवढं ईसीजीला माझ्या नावावर झोप ना, भावा." त्या खात्यात हे नेहमीचंच होतं. तपासणीला डोळे एकाचे, रक्त दुसऱ्याचं. बाळू सुजितचं ओळखपत्र गळ्यात घालून झोपला आणि पट्टी काय झकास आली! दोघांनी वडापाव खाऊन ती साजरी केली.

त्याच आठवड्यात प्रेसची डाय, म्हणजे पत्रा दाबायचा अवजड साचा, हलवायची होती. खोलीएवढं लोखंड साखळ्यांवर वर गेलं. खाली बाळू हात करत होता, "ये, ये, अजून ये." क्रेनचा रिमोट सुजितच्या पोटावर पट्ट्याला होता. अंगठा खाली आणायच्या बटणावर, आणि छातीत एकदम शांतता. सुजितला ती शांतता आता ओळखीची झाली होती. 'बटण सोड,' त्यानं स्वतःला बजावलं. अंगठा ऐकेना. मग सगळं काळं झालं आणि तो रिमोटवरच पालथा पडला.

बटण अंगाखाली दाबलेलंच राहिलं. डाय खाली येत राहिली.

सुजित शुद्धीवर आला तेव्हा समोर बाळू फरशीवर बसला होता. एका पायात बूट, दुसरा पाय मोकळा. दुसरा बूट डायखाली चपटा झाला होता; पाय तेवढा वेळेत निसटला होता.

सुपरवायझर शेखर साहेब धावत आले. "बटण अडकलं असणार! सुजितला भीतीनं चक्कर आली. काय रे, बरोबर ना?"

एवढं 'हो' म्हटलं की सुटका होती. बाळूनं नजर खाली घातली. तो एवढंच पुटपुटला, "भावा, पट्टी दिली होती मी. पाय न्हाई दिला."

सुजितनं त्या चपट्या बुटाकडं पाहिलं. ज्यानं आपली छाती उसनी दिली, तोच आपल्या लोखंडाखाली उभा होता!

"बटण अडकलं नाही, साहेब. माझं हृदय अडकलं. तपासणीतली पट्टी बाळूची होती. मी खोटं बोललो."

शेखर साहेब लालबुंद झाले, तोंड उघडणार तोच मागून फोर्कलिफ्टवाल्याचा आवाज आला. "साहेब, माझे पण डोळे माझे नाहीत." मग प्रेसवरचा एक जण. मग भट्टीवरचा. शेखर साहेब तोंड उघडं ठेवून एकेकाकडं बघत राहिले. इतके दिवस ते याच माणसांच्या मधून बिनधास्त फिरत होते.

सुजितला पेसमेकर बसला. क्रेन सुटली, कायम होणं लांबलं, पण त्याला हाकललं नाही; आज तो त्याच कारखान्याच्या भांडारात बसतो आणि संध्याकाळी चालत घरी जातो. बाळू त्याच्यासोबत असतो, दोन्ही पायांवर.

मंडळी, नोकरी जाईल या भीतीनं दुखणं लपवणारा गुन्हेगार म्हणून जन्मत नाही. दुखणं सांगितलं की हाकलणारी रीत त्याला तसा घडवते. ती रीत मोडा. पण तोवर आपल्या छातीची पट्टी आपणच द्या. दुसऱ्याची पट्टी कागद भरते, आपलं हृदय चालवत नाही.