डावी बाही

निरुपमा सात महिन्यांच्या रजेनंतर ऑफिसात परत जाणार होती. विम्याच्या ऑफिसात एकोणीस वर्षं ती साडीच नेसून गेली, आणि तिचे सगळे ब्लाउज दांडिया बाजारातल्या माझ्या दुकानात शिवलेले. तिच्याबरोबरच्या बायका कधीच पंजाबी ड्रेसवर आल्या होत्या. ही मात्र कडक इस्त्रीची साडी नेसून मांजलपूरहून स्कूटरवर निघायची.

त्या दिवशी दुकानाच्या पायऱ्या ती थांबत थांबत चढली. डोक्याला रुमाल होता. ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी छातीची डावी बाजू काढली, हे तिच्या नवऱ्याने, अनीशने, मला फोनवर सांगितलं होतं.

"काकू, एक करडा ब्लाउज हवाय. असा शिवा, की कुणाला काही कळणार नाही. मला तिथे पहिल्यासारखं बसायचंय, बस."

"सोमवारी घेऊन जा."

"माप घ्या ना."

गळ्यातली टेप मी काढलीच नाही. तिला हात लावायची मला भीती वाटली. तिला दुखेल म्हणून नव्हे. माझ्या हाताला तिथे काय लागेल, म्हणून.

"तुझं माप मला पाठ आहे गं," मी म्हटलं.

ती हसली. "चला, तुमच्या लेखी तरी मी बदलले नाही."

डावीकडे अस्तराच्या आत मी कापसाची गादी शिवली. तीन वेळा उसवली, तीन वेळा बसवली. सोमवारी तिने घालून पाहिला तेव्हा आरशात दोन्ही बाजू सारख्या दिसल्या.

"बाही घट्ट वाटते जरा."

"नवा आहे. सैल पडेल."

अशा ऑपरेशननंतर त्या बाजूचा हात सुजतो, हे मला ठाऊक नव्हतं. दंडाला टेप लावली असती तर कळलं असतं.

मंगळवारचं, ऑफिसातल्या पहिल्या दिवसाचं, मला तिनेच नंतर सांगितलं. सकाळी सगळे टेबलाशी आले. "निरुबेन, तमे तो एवां ने एवां ज छो," म्हणाले. म्हणजे, होता तशाच आहात. चहा झाला. दुपारपर्यंत हात फुगला, बाही दंडात रुतली, बोटं बधिर झाली. ब्लाउज निघेना. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या अवंतीला कात्री घेऊन बाथरूममध्ये बोलवावं लागलं. तिने बाही कापून ब्लाउज उतरवला, तेव्हा आतली गादीही दिसली आणि छातीवरची टाक्यांची रेघही. अवंती रडायलाच लागली. ते ऐकून आणखी दोघी आत आल्या.

महिन्याभरात निरुपमाने राजीनामा दिला. अनीशकडून कळलं तशी मी मांजलपूरला गेले.

"वाईट कुणीच वागलं नाही, काकू," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीवर उशी ठेवलेली. फाइल उचलू देईनात. पूर्वी साहेब रोज माझ्याशी वाद घालायचे. आता भिंतीकडे बघून बोलायचे."

"माझं चुकलं. मी माप घ्यायला हवं होतं."

"तुम्हीपण भिंतीकडेच बघत होतात ना?"

ती रागावून बोलली नाही.

मग तिने आतून कापड आणलं. सुती, बारीक फुलांचं. "घरात घालायला दोन गाऊन शिवून द्या. ढगळच शिवा."

"कधीपर्यंत हवेत?"

"घाई नाही," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.