रॉकीची खांदेमळणी

कुत्र्याचे केस विंचरणं म्हणजे काय खेळ हाय का? विचारा आमच्या ऋतुजाला. स्वतः लातूरला शिकवणीला गेली अन् हे पांढरं झिपरं ध्यान माझ्या गळ्यात मारून गेली. फोनवर रोज एकच, "मम्मे, रॉकीचे केस कापू नको हं. पोळ्याला येऊन राहिले मी, जसा ठेवून गेले तसाच दिसला पाहिजे." अगं माय, तुझे केस तरी येवढे विंचरले होते का मी!

पावसात भिजून त्याच्या अंगावर जटा झाल्या होत्या. मुरुडच्या जनावरांच्या डॉक्टरनं बजावलं होतं, "गुंता सुटेपर्यंत पाणी लावू नका. पाणी लागलं की केस घोंगड्यागत घट्ट बसतात, मग कातरण्याबिगर इलाज न्हाई." तेव्हापासून रोज दुपारी भांडी आटोपली की तारेचा ब्रश घेऊन बसायचं. जट बोटात धरायची, टोकाकडून हळूहळू मोकळी करायची. जरा ओढलं की रॉकी गुरगुरणार, मी त्याच्यावर खेकसणार. कंबरेचा काटा ढिला झाला. पण पाठ सुटली, शेपूट सुटलं. उरले फक्त खांदे.

उद्यावर पोळा आला. सांजच्याला पुरणाची डाळ शिजायला टाकून बाहेर येते तर सासरे ओसरीवर बसलेले, मांडीवर रॉकी, बाजूला तूप-हळदीची वाटी. दोन्ही हातांनी त्याचे खांदे चोळून राहिले!

"मामा! अहो, काय करून राहिलात?"

"खांदेमळणी," शेषेराव मामा म्हणले.

पोळ्याच्या आदल्या सांजंला बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळतात, जू ओढून ते दुखतात म्हणून. खरं हाय. पण या लाडोबानं कोणतं जू ओढलं?

"तो काय बैल हाय का!" सासऱ्यांपुढं आवाज चढवायची आमच्यात रीत न्हाई, पण डोस्कंच फिरलं. "लेक उद्या येऊन राहिली, तिला काय दाखवू?"

तूप ओढून घ्यायला बेसन लावावं म्हणून मी आत पळाले. डबा घेऊन येईस्तोवर मामांनी रॉकीला न्हाणीत नेऊन गरम पाणी ओतलेलं, अन् कपड्याच्या साबणानं खसाखसा घासणं चालू.

"आत्ता निघंल बघ," म्हणले.

निघतंय कशाचं! खांद्यापासून मानेपर्यंत पिवळा कडक पट्टा. ब्रशचे दात शिरंनात. मला रडू आलं, निव्वळ रागानं. इतक्या दुपारा मातीत गेल्या.

शेवटी कात्री आणली. रॉकी थरथरत होता, मामांनी त्याला पोटाशी धरलं.

"चुकलं माझं, तारामती. बैल इकून ट्रॅक्टर घेतला, औंदा गोठा रिकामा. आजच्या सांजंला हात गप बसंनात."

"मग ट्रॅक्टरला चोळायचं!"

"त्याला खांदे कुठं हायत?" मामा म्हणले. मग खाली बघत, "अन् म्या याला आवतण देऊन बसलो गं."

मळून झालं की बैलाला म्हणायचं असतंय, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. कुत्र्याला म्हणून बसले होते म्हातारे.

राग होताच. अजून हाय. पण आवतण दिलेल्याला उपाशी कसं ठेवायचं?

"उद्या पहिली पोळी त्याची," मी म्हणलं, "अन् ऋतुजाला तोंड तुम्ही द्यायचं."

मग खांद्यापासनं कात्री चालवली.