मुरुडच्या आनंदराजचा उजवा ग्लोव्ह

मी एक जुना बॉक्सिंग ग्लोव्ह आहे, उजव्या हाताचा. कधी लालभडक होतो, आता विटकरी दिसतो. मित्रांनो, ज्याच्या घरात मी बावीस वर्षं काढली, त्या मुरुडच्या आनंदराजचा मला राग आहे. तो मी लपवणार नाही.

आनंदराजचे वडील व्यंकटराव पोलिसात होते, स्वतः बॉक्सिंग खेळलेले. त्यांनीच मला लातूरच्या दुकानातून आणलं आणि मुलाच्या हाती दिलं. "घराचं नाव हाय, राख," एवढंच म्हणाले.

आम्ही सोळा लढती जिंकल्या. गल्लीने आनंदराजला खांद्यावर घेऊन मिरवलं. मग राज्याची अंतिम लढत आली. दुसऱ्या फेरीत ठोसा मारायला जाताना त्याने मला छातीपर्यंत खाली आणलं. चेहरा उघडा पडला. समोरच्याचा ठोसा तिथेच बसला आणि आनंदराज आडवा झाला.

घरी येऊन तो म्हणाला, "पंच विकला गेला होता."

व्यंकटरावांना ते पटलं. सांगून सांगून पुढे आनंदराजलाही ते खरं वाटू लागलं. मला घामाने ओलं तसंच फळीवर फेकलं. मी आतून कुजलो, उंदराने शिवण कुरतडली. माझी चौकशी कुणी केली नाही. त्या पंचाला मात्र रोज जेवताना शिव्या मिळत.

आनंदराजची मुलगी लुंबिनी बारा वर्षांची झाली, तेव्हा त्याने मला शिवून घेतलं आणि तिच्या हातात चढवलं. "माझी हार तूच भरून काढायची," म्हणाला. तिला खेळायचं आहे का, हे विचारलं नाही. स्वतःचा ठोसा तिला शिकवला, जसा तो मारायचा अगदी तसाच.

यंदा नांदेडला स्पर्धा होती. ग्लोव्ह ज्याचे त्याने आणायचे होते. लुंबिनीसमोर नांदेडचीच वर्षाराणी होती. तिसऱ्या फेरीत लुंबिनीने मला छातीपर्यंत खाली आणलं. पुढचं मला ठाऊक होतं. तिच्या नाकातून रक्त आलं, पंचाने लढत थांबवली आणि वर्षाराणीचा हात वर केला.

कोपऱ्यात आनंदराजने मुलीला पाणीसुद्धा दिलं नाही. "घालवलंस नाव," म्हणाला आणि पाठ फिरवून बसला.

माझी लेस मनगटावर बांधतात. दोन्ही हातांत ग्लोव्ह असले की ती आपली आपल्याला सोडता येत नाही. लुंबिनी दातांनी गाठ ओढत उभी राहिली. तिचं रक्त माझ्यावर ठिबकत होतं. शेवटी स्वतःचे ग्लोव्ह उतरवून वर्षाराणी आली आणि तिने गाठ सोडली.

"तुझा उजवा हात लई खाली येतो," ती म्हणाली. "तिथंच सापडलीस."

"तू नको शिकवू तिला," आनंदराज खेकसला. "पंच तुमचाच हाय."

लुंबिनीने नाक पुसलं. "पंचाचं काय न्हाई, पप्पा. मी हरले. तुमचा बी हात असाच खाली येत होता का?"

आनंदराज पिशवी उचलून चालू लागला. लातूरच्या गाडीत तो वेगळ्या सीटवर बसला. आठ दिवस बापलेकीत अबोला होता. सिंधु, लुंबिनीची आई, दोघांना वेगवेगळं वाढायची.

नवव्या दिवशी सकाळी लुंबिनी मला घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "लेस बांधा," म्हणाली.

त्याने बांधली. इतकी आवळली की तिने ओठ चावला. गाठ मारून झाली तरी त्याने मला सोडलं नाही. मला धरून तिच्या गालापर्यंत वर नेलं.

"हितं ठेव," तो म्हणाला. "माझा खाली आला होता."

लुंबिनीने हात तिथेच धरून ठेवला. तो तिथून निघून गेला.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. इतक्या वर्षांचा कुबट वास एका वाक्याने जात नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला आतून पुसा, सावलीत वाळवा. आणि आपलं माणूस हरून आलं तर आधी त्याची लेस सोडा. बोलायचं ते नंतर बोला.