लंगडी चालेल

एर्रम्माला उद्या बरहमपूरला पोलीसभरतीत धावायचं होतं, आणि आज तिच्या मामानं तिचा पाय मोडायचं ठरवलं होतं.

आम्हा नोलिया कोळ्यांच्यात भाचीशी लग्नाचा पहिला हक्क मामाचा. हल्ली बरेच जण तो सोडून देतात, पण तिचा मामा कामय्या कसला सोडतोय! चाळिशी ओलांडलेला, बायको मेलेली, वल्हं मारून मारून दंड फुगलेले. बाविशीची एर्रम्मा त्याला तोंडावर नाही म्हणाली, तेव्हा भर वस्तीत ओरडला होता, "मला कशाला हवी धावणारी? लंगडी चालेल!" लोक हसले. मेल्यांना ती थट्टा वाटली.

पौषातली सकाळ. धुक्यात किनाऱ्यावरचे सुरूही दिसेनात. पोरगी नेहमीसारखी एकटीच ओल्या वाळूवरून धावत होती. अचानक एक वल्हं तिच्या पोटरीला चाटून वाळूत आपटलं.

"थांब की गं राणी," कामय्या धुक्यातून पुढे आला. "तुझ्या भरतीची आज ओहोटीच करतो."

ती सुटली ती वाऱ्यासारखी. मुद्दाम वरच्या भुसभुशीत वाळूत शिरली. तो मागून शिव्या हासडत आला आणि थोड्याच वेळात भात्यासारख्या धापा टाकायला लागला. ती सहज निसटली असती. पण पळून पळून जाणार कुठे? संध्याकाळी हा मुडदा घरात येऊन बसणार, रात्री झोपेत पाय मोडणार. तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती वळली आणि सरळ त्याच्या अंगावर धावून गेली.

वल्हं तिच्या खांद्यावर बसलं. ती कोलमडली. त्यानं केस धरून तिला फरफटत पाण्यात नेलं आणि तोंड बुडवलं. नाकातोंडात वाळू, खारं पाणी. त्याचा अंगठा ओठांशी आला तसा तिनं कडकडून चावला, दात हाडाला लागेपर्यंत सोडला नाही. तो किंचाळून मागे पडला. तिनं वल्हं उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. पुन्हा घातलं. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं तिला.

कामय्या कळवळत होता, तरी हसला. "मार, अजून मार! केस ठोकतो तुझ्यावर. अंगावर केस असलेलीला कुठलं पोलीस खातं घेतं गं?"

एर्रम्मानं वल्हं खाली केलं. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग तिची नजर त्याच्या डोक्यावर गेली. एकच घाव, की हे तोंड कायमचं बंद. तिनं वल्हं वर उचललं.

तेवढ्यात ओरडा ऐकून जाळंवाले धावत आले. पुढे वस्तीचा म्हातारा पुढारी, गुरुनाथम.

"कुणी मारलं रे तुला, कामय्या?"

कामय्यानं तोंड उघडलं. समोर ज्यांच्यापुढे रोज मिशीला पीळ भरायचा ते सगळे उभे. भाचीनं लोळवलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

"लाट," तो पुटपुटला. "लाटेनं होडी आणून आपटली गुडघ्यावर."

धुकं आता विरलं होतं. म्हाताऱ्यानं समुद्राकडे पाहिलं. पाणी ताटासारखं सपाट होतं. होड्या सगळ्या पार वर, सुरूंखाली बांधलेल्या.

"हो, फारच मोठी लाट असणार," तो म्हणाला आणि एर्रम्माच्या हातातलं वल्हं काढून घेतलं. "तू जा, पोरी. उद्या लवकर निघायचंय ना? आणि तोंड धू आधी, मामाचं रक्त लागलंय."